नखं कापलेली होती

अम्मी मय्यतीला गुस्ल देऊन, म्हणजे वारलेल्या बाईला शेवटची अंघोळ घालून, घरी आली की आधी मोरीत जायची. अंघोळ करायची, अंगावरचे कपडे बादलीत भिजत टाकायची, डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची. दादी न विचारता तिच्या हातात चहाचा कप ठेवायची. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा घरचा नियम होता. मी दहा-अकरा वर्षांची असेन, तेव्हा एकदाच दादीने तो मोडला. "कशी होती गं शेवटी?" एवढंच विचारलं. अम्मीने चहावर फुंकर घातली आणि म्हणाली, "नखं कापलेली होती."

दादीने मान हलवली. "अल्लाह त्या सुनेला सुखात ठेवो." विषय तिथेच संपला. मला काहीच कळलं नव्हतं. माणूस मेलं आहे आणि या दोघी नखांबद्दल काय बोलतात, असं वाटलं होतं.

आमचं घर जुन्या नाशकात, बागवानपुऱ्यात. अब्बांचा फळांचा गाळा होता. घरात बोलणं 'मेरेकू-तेरेकू'च्या नाशिककर हिंदीत, शाळा मराठी, आणि कुराण शेजारच्या उस्तानी बींकडे. अम्मीला अख्खी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. बाई वारली की, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, कुणीतरी पोरगा येऊन दाराची कडी वाजवायचा आणि म्हणायचा, "खाला, चला." बाईला गुस्ल बाईनेच द्यायचा, त्यामुळे प्रत्येक मोहल्ल्यात अशा दोन-तीन बायका असायच्याच. पैसे कुणी देत नसे आणि यांनी घेतलेही नसते. बहुतेक सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. हे काम तरुण बाईचं नाही असं कुणी म्हटलेलं नव्हतं. फक्त हात थरथरू नयेत आणि तोंड बंद राहावं, एवढीच अपेक्षा असे, आणि या दोन्ही गोष्टी वयाबरोबर येतात असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

तोंड बंद राहणं हा या कामाचा मोठा भाग आहे. मय्यतीच्या अंगावर काही चांगलं दिसलं, चेहऱ्यावर शांतता दिसली, तर सांगावं. काही व्यंग, काही खूण दिसली तर ती तिथेच मातीआड करावी. अम्मीने हे आयुष्यभर पाळलं. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या पोटात बागवानपुऱ्यातल्या निदान दोनशे घरांची गुपितं आहेत. कारण कुठल्या घरात म्हातारीला कसं ठेवलं होतं, हे गुस्ल देतात त्या तख्त्यावर, म्हणजे फळीवर, कळतं. बैठकीत सून पदर सावरून "अम्मीजान, अम्मीजान" करत असते, मुलगा हात बांधून उभा राहतो, हे सगळ्यांना दिसतं. पाठीला पडलेल्या जखमा, जटा झालेले केस, टाचेच्या भेगांत साठलेला मळ हे फक्त गुस्ल देणारीला दिसतं. आणि कधी कधी याच्या उलटही दिसतं. जिथे सासू-सुनेची भांडणं गल्लीला पाठ होती, त्या घरातल्या म्हातारीचं अंग साफ, केसांना तेल, नखं कापलेली. अम्मीने त्या दिवशी दादीला जे सांगितलं ते याबद्दल होतं, हे मला फार उशिरा उमजलं.

आईवडिलांबद्दल कुराणात जे आलं आहे ते आमच्याकडे पोरांना लहानपणीच शिकवतात. सूरह बनी इस्राईल या अध्यायाच्या तेविसाव्या आयतीत म्हटलंय की त्यांच्यापैकी एक किंवा दोघं तुझ्यासमोर म्हातारे झाले, तर त्यांना 'उफ्'सुद्धा म्हणू नकोस. पुढच्याच आयतीत दुआ आहे, 'रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सग़ीरा'. ज्या मायेने त्यांनी मला लहानपणी वाढवलं, तशी दया तू त्यांच्यावर कर. मी ही दुआ हजारो वेळा म्हटली असेन. तिच्यातला 'लहानपणी' हा शब्द मात्र मी कधी नीट ऐकला नव्हता. लहान मुलाला आपण काय करतो? धुतो, पुसतो, भरवतो, नखं कापतो. दुआ त्याची आठवण करून देते. आम्ही तिचा अर्थ आवाज न चढवणं एवढाच घेतला. आमच्या घरात अम्मीसमोर आवाज कधीच चढला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. आणि तरीही आमच्याकडून जे राहून गेलं ते पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. ही आयत मुलांना उद्देशून आहे, मुलगे आणि मुली दोघांनाही. सासू-सासऱ्यांची सेवा ही सुनेवर शरियतने टाकलेली सक्ती नाही. ती करते तो तिचा मोठेपणा, असं आलिम, म्हणजे धर्माचे जाणकारही सांगतात. प्रत्यक्षात म्हाताऱ्यांचं सगळं सुनेच्या अंगावर पडतं, नाव मुलाचं होतं, आणि मुलगी शुक्रवारी येऊन सफरचंदाची पिशवी ठेवून जाते. मी ती पिशवी ठेवणारी मुलगी होते.

अब्बा 2014 साली गेले. अम्मीने चार महिने दहा दिवसांची इद्दत, नवरा गेल्यावर बाईने घरात काढायचा काळ, त्याच घरात काढली. नंतर वर्षभरात घर विकायचं ठरलं. भिंती फुगलेल्या, जिना अरुंद, अम्मीचे गुडघे गेलेले, पुतण्यांना अभ्यासाला जागा नाही. कारणं सगळी खरी होती. भावाने पखाल रोडला लिफ्टची इमारत पाहून फ्लॅट घेतला. विक्रीच्या पैशांत अम्मीचा आठवा हिस्सा होता. नवऱ्यामागे मुलंबाळं असलेल्या बेवेला मिळकतीचा आठवा भाग मिळतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कागद समोर आला तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायचेत पैसे? पोरांनाच द्या." आम्ही तिघांनी मान खाली घातली आणि घेतले. यात कुणी तिला फसवलं नाही. पण मला आज वाटतं की तो हिस्सा तिच्या नावावर बँकेत ठेवायला हवा होता, तिने दहा वेळा नको म्हटलं असतं तरी. स्वतःच्या पैशातून नातवाच्या हातावर ईदी ठेवणारी दादी आणि मुलाकडून नोट घेऊन ती नातवाला देणारी दादी, यांच्या बसण्यात फरक असतो. मी तो पाहिला आहे.

ज्यांना मुलं विचारतच नाहीत अशा आईवडिलांसाठी 2007 चा कायदा आहे, पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा. तो सर्व धर्मांना सारखा लागू आहे, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो आणि वकिलाची गरज पडत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मिळकत, त्यांनी सांभाळलं नाही तर परत मागता येते. मी हे मोहल्ल्यातल्या बायकांना सांगते तेव्हा त्या "तौबा" म्हणून कानाला हात लावतात. लेकरावर अर्ज करण्यापेक्षा उपाशी राहीन, असं म्हणणाऱ्याही भेटल्या. तरी मी सांगत राहते. 14567 हा हेल्पलाइनचा नंबर मी दोघी-तिघींच्या फोनमध्ये घालूनही दिला आहे, नाव 'बहन' असं टाकून.

तर आम्ही पखाल रोडला आलो, म्हणजे भाऊ-भाभी आणि अम्मी. मी लग्नानंतर इथेच दहा मिनिटांवर राहते. फ्लॅट हवेशीर, कमोडची सोय, चोवीस तास पाणी. आणि अम्मी सुकत चालली.

मला याचं कारण कळायला बराच वेळ लागला. अब्बांच्या वयाची माणसंही जुन्या नाशकातून इकडे राहायला आली होती, पण ती अशी सुकली नाहीत. का, तर त्यांना मशीद होती. दिवसातून पाच वेळा घराबाहेर पडायचं कारण, पाच वेळा ओळखीचे चेहरे, "कल नहीं दिखे आप?" म्हणून विचारणारं कुणीतरी. गुडघे गेलेल्यांसाठी मागच्या रांगेत खुर्च्या. नमाजनंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात अर्धा कप चहा. एखाद्याने दोन दिवस दांडी मारली तर तिसऱ्या दिवशी चौघं जण घरी येतात. म्हाताऱ्या पुरुषाच्या तब्येतीवर अशी नजर ठेवणारी दुसरी व्यवस्था मला तरी माहीत नाही.

म्हाताऱ्या बाईला हे नाही. आमच्याकडच्या बायका नमाज घरीच पढतात. तिची मशीद म्हणजे गल्लीतला ओटा. बागवानपुऱ्यात अम्मी दुपारी ओट्यावर बसायची. समोरची लसूण सोलत, शेजारची तांदूळ निवडत. येणारा-जाणारा सलाम करायचा, बातमी सांगायचा, पोर रडत असेल तर तिच्या मांडीवर टाकून जायचा. नव्या बाळाला घुटी किती द्यायची, मुलगी बघायला कुणाकडे जायचं, मयताच्या चाळिसाव्या दिवशी किती माणसं जेवायला घालायची (तिचं मत: कमीत कमी, आणि कर्ज काढून तर मुळीच नाही), सगळं त्या ओट्यावर ठरायचं. तिसऱ्या मजल्यावर ओटा नसतो. दार लावलेलं असतं. रमजानमध्ये सहेरीला, पहाटेच्या जेवणाला, अख्ख्या गल्लीची दारं वाजवणारी बाई आता सगळ्यांच्या मोबाईलचे अलार्म ऐकत पडून राहायची.

त्यात रोजे सुटले. साखर वाढलेली, इन्सुलिन सुरू झालेलं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रोजे धरायचे नाहीत. ज्याला झेपतच नाही त्याच्यासाठी फिदयाची सवलत आहे, एका रोजाच्या बदल्यात एका गरजूचं जेवण. भावाने तीस दिवसांचा हिशेब करून पैसे देऊन टाकले आणि येऊन सांगितलं, "अम्मी, हो गया." ती काही बोलली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "माझा रोजा होता ना? मग मला विचारायचं तरी. मी माझ्या हाताने खिचडा करून दिला असता." त्या वेळी मला ते हट्टीपणाचं वाटलं होतं.

मग 2020 आलं. मृतदेहाला अंघोळ घालायची नाही, स्पर्श करायचा नाही, अशा सरकारी सूचना होत्या आणि त्या योग्यच होत्या. आमच्या नात्यातल्या दोघी त्या काळात गेल्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळून थेट कब्रस्तानात. अम्मी रात्रभर नमाजच्या चटईवर, जानमाजवर बसून होती. आपल्या माणसाला आपण पाण्याशिवाय पाठवलं, एवढंच ती म्हणत राहिली. नंतर सगळं सुरळीत झालं तरी आम्ही तिला गुस्लला जाऊ दिलं नाही. तुझे गुडघे, तुझी शुगर, लागण होईल, आता दुसऱ्या करतील. बोलावणं आलं की भाभी दारातूनच सांगायची, "उनकी तबीयत ठीक नहीं." मीच तसं सांगायला सांगितलं होतं. हळूहळू बोलावणं यायचंच थांबलं. त्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी शेवटचं जे काम उरलं होतं, तेही आम्ही काळजीपोटी काढून घेतलं.

इमारतीत खालच्या मजल्यावर एक काकू राहतात, अम्मीपेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. त्यांचं भजनी मंडळ आहे, सकाळी बागेत बायकांचा गट आहे. अम्मीला त्या भजनाला कशा नेणार? पण पार्किंगमधल्या बाकावर त्यांनीच तिला पहिल्यांदा बसवलं. एकदा मी आले तर दोघी प्रेताला अंघोळ घालण्याबद्दल बोलत होत्या, अगदी दोडक्याच्या भाजीबद्दल बोलावं तशा. काकू सांगत होत्या, आमच्यात सवाष्ण गेली की तिची ओटी भरतात, हिरवी साडी नेसवतात. अम्मी सांगत होती, आमच्यात कफनाचे बाईला पाच कपडे, पुरुषाला तीन. कितीतरी महिन्यांनी मी तिचा तो आवाज ऐकला, माहीत असलेली गोष्ट माहीत नसलेल्याला सांगतानाचा.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मगरिबनंतर, सूर्यास्ताच्या नमाजनंतर, बेल वाजली. मागच्या इमारतीतली एक तरुण सून होती, चेहरा पांढराफटक पडलेला. सासू दवाखान्यात वारली होती, रुग्णवाहिका वाटेत होती, इशाच्या, रात्रीच्या नमाजनंतर दफन, आणि घरात गुस्ल कुणालाच येत नव्हता. जुन्या बायका एक तर वारल्या होत्या, नाही तर शहरभर पांगल्या होत्या. मोबाईलवर व्हिडिओ लावून करू म्हणत होत्या. भाभीने नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून अम्मीचा आवाज आला, "पाणी तापवायला ठेवा. बोरीची पानं बघा मिळतात का. मी येते."

मी तिचा हात धरून गेले. तिने तख्त्याच्या डोक्याशी प्लास्टिकची खुर्ची मागवली, बसली आणि आम्हा चौघींना एकेक काम दिलं. पाण्यात आधी स्वतःचं मनगट बुडवून पाहायला लावलं, "आपल्याला सोसेल तेवढंच गरम, तिला जास्त लागतंय असं समजा." नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर, ती शेवटपर्यंत हलता कामा नये. हातमोजे घालून आधी पाक, म्हणजे स्वच्छ करणं, मग वुजू, नमाजआधी हात-तोंड-पाय धुतात तसं. नाका-तोंडात पाणी नाही, भिजवलेला कापूस फिरवायचा. मग डाव्या कुशीवर वळवून उजवी बाजू, नंतर उजव्या कुशीवर वळवून डावी. शेवटच्या पाण्यात कापूर. मी लोट्याने पाणी घालत होते. माझा हात थरथरत होता आणि ती खुर्चीवरून म्हणत होती, "हळू, बेटा. तिचं पाणी आहे, सांडायचं नाही." केस विंचरायचे नाहीत, दोन भाग करून छातीवर ठेवायचे. कपाळ, नाक, तळवे, गुडघे, पाय, सजद्यात जे जमिनीला टेकतं त्या सगळ्या जागांवर कापूर. ती त्या बाईला ओळखतही नव्हती, पण मधूनमधून तिच्याशीच बोलत होती: "झालं हं, बहन, आता ही बाजू."

त्या अंगावर मी काय पाहिलं ते मी इथे लिहिणार नाही. परतताना लिफ्टमध्ये अम्मीने मला ती अट घातली आहे.

पण त्या रात्री मी घरी गेले नाही. अम्मी अंघोळ करून पलंगावर बसली, मी तिच्या हातात चहा दिला आणि खाली जमिनीवर बसले. तिचे पाय माझ्या डोळ्यांसमोर आले. नखं वाढलेली होती. अंगठ्याचं तर इतकं की वळून शेजारच्या बोटात रुतत होतं, तिथे कातडी काळी पडली होती. साखरेच्या पेशंटच्या पायाची जखम काय करू शकते हे मला माहीत आहे. तिला वाकता येत नव्हतं. भाभीला सांगायची तिला लाज वाटत होती, भावाला सांगणं शक्यच नव्हतं, आणि मी दर शुक्रवारी येत होते, गोळ्यांचा डबा तपासत होते, शुगर मोजत होते, तिच्याशेजारी पलंगावर बसून जात होते. मोज्यांच्या आत काय आहे ते मी पाहिलं नव्हतं. नखांचा अर्थ ज्या बाईने मला सांगितला, तिचीच.

"अम्मी, सांगायचं ना," मी म्हणाले.

"तुम्ही सगळे एवढे धावपळीत असता," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

भाभीही त्या रात्री बराच वेळ रडली. तिचा दोष किती आणि माझा किती, हे आम्ही मोजलं नाही. ती वर्षानुवर्षं त्या घरात अम्मीचं जेवण-औषध वेळेवर करत आली आहे, आणि तिच्यासमोर आपला पाय धरायला देणं अम्मीला कधी जमलं नाही. त्या दोघींमधला तो संकोच ओलांडणं माझं काम होतं, लेकीचं.

फेब्रुवारीत अम्मीने आपणहून सांगितलं, "रविवारी पोरींना बोलव. शिकवून ठेवते." सात जणी आल्या, दोघी कॉलेजातल्या. हॉलमध्ये चटई टाकली, तिच्यावर मय्यत म्हणून लांब लोड. अम्मीने भाभीला तिच्या ट्रंकेतून पांढरं कापड काढायला सांगितलं. घडीला अजून जमजमचा, मक्केच्या पवित्र विहिरीच्या पाण्याचा, आणि डांबरगोळ्यांचा एकत्र वास होता. मक्केहून परतलेल्या एका नातलगाने तिच्यासाठी कापड जमजममध्ये भिजवून, वाळवून आणलं होतं. मला माहीत होतं ते काय आहे. "हे नको, अम्मी, मी दुसरं मांजरपाट आणते," मी म्हणाले. "फाडायचं थोडंच आहे," ती म्हणाली, "मापायचं आहे. जपून धरा, माझं आहे." मग तिने खुर्चीवरूनच लिफाफा, इजार, कफनी, ओढणी, सीनाबंद, प्रत्येकाची लांबी बोटाने दाखवली. लिफाफा डोक्याच्या वर आणि पायांच्या खाली गाठ बसेल एवढा. सीनाबंद बगलेपासून मांडीपर्यंत. एका पोरीने विचारलं, "दादी, उंची कुणाची धरायची?" ती म्हणाली, "माझी धरा. पाच फूट एक इंच. आता थोडी कमी असेल."

आता महिन्यातून एखादं तरी बोलावणं येतं. त्यातल्या तीन पोरी जातात, अम्मी खुर्चीवर बसते. तब्येत बरी नसली तर फोनवरून सांगते. रमजानमध्ये फिदयाचा खिचडा या वर्षी तिने उभं राहून नाही, पण समोर बसून करवून घेतला आणि दूध बाजाराजवळच्या ज्या घरी द्यायचा ते घरही तिनेच ठरवलं. गुडघे तेच आहेत. साखर थोडी खाली आली आहे, तिचं श्रेय डॉक्टर गोळ्यांना देतात.

शुक्रवारी मी आता शाळेतून थेट तिच्याकडे जाते. टबात कोमट पाणी, मनगट बुडवून पाहिलेलं. आधी हात, उजव्या हाताच्या शहादतच्या बोटापासून, म्हणजे तर्जनीपासून. तसा तिचा आग्रह असतो. मग पाय पंधरा मिनिटं भिजू द्यायचे. तोवर ती मला आठवड्याच्या गोष्टी सांगते, खालच्या काकूंच्या, नातवाच्या, आणि तख्त्यावरच्या कधीच नाहीत. डाव्या अंगठ्याचं नख फार जाड झालंय, ते एका दमात कापलं जात नाही. थोडं थोडं घ्यावं लागतं, मग कानस लावायची, आणि बोटांच्या मधल्या जागा कोरड्या पुसून घ्यायच्या.